उजव्या पायाच्या सांध्याची व्यवस्था

मी, कृत्रिम पाय बनवणारा कारागीर, वय वर्षे बाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणावाचून, समजून-उमजून लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. मेहुण्यांचे मत वेगळे आहे, पण ते विचारात घेतलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना निम्मे-निम्मे. मध्ये भिंत घालू नये. स्वयंपाकघर एकच आहे.

२. कारखाना, भट्टी, साचे व सर्व हत्यारे धाकटीला. तिचा हात चालतो. मेहुण्यांनी नेलेले ड्रिल मशीन त्यांच्याकडेच राहू द्यावे. परत आले तर दुरुस्तीचा भुर्दंड तिलाच पडेल.

३. बँकेतील ठेवींतून आधी माझे देणे फेडावे, उरेल ते दोघांत वाटावे. माझ्यामागे कोणाच्या डोक्यावर कर्ज राहू नये. देशाच्या कर्जातला माझा वाटा मात्र मला फेडता आला नाही. तो नातवंडांकडे त्यांना न विचारताच जाईल.

४. आता मुद्द्याचे. थोरला सरकारी आरोग्य खात्यात अधिकारी आहे. खात्याच्या योजनेतून मिळालेला कृत्रिम पाय, तो वापरणारा माणूस गेला की, खात्यात जमा करून यंत्रात चिरडावा, हा नियम त्याने लिहिला. त्यातला गुडघ्याचा पोलादी सांधा अजून कितीतरी वर्षे चालण्यासारखा असतो. खाते कर्ज काढून नवे सांधे घेते आणि चांगले सांधे चिरडण्यासाठी यंत्राचे भाडेही भरते. अपवाद म्हणून जुना सांधा दुसऱ्याला द्यायचा तर नऊ सह्या लागतात. तोवर अर्ज करणारा कंटाळून घरी बसलेला असतो.

हा विषय जेवताना निघाला की थोरला ताट बाजूला सारतो.

"बाबा, दुसऱ्याचा जुना सांधा तुटून तो पोस्टमन जिन्यावरून पडला. त्याच्या बायकोला भेटायला मी गेलो होतो, तुम्ही नाही."

"मग तपासून द्या ना! एकाने तपासावं, त्याच्यावर जबाबदारी राहील. नऊ जणांनी सही केली की ती कोणाचीच नाही."

"भांडायचं तर भांडा, पण जेवून भांडा," धाकटी म्हणते.

तो सांधा आमच्या कारखान्यातला नव्हता, पण पोस्टमनची गोष्ट खरी आहे. त्या गोष्टीने थोरल्याची झोप उडवली हेही मी पाहिले आहे. तपासणी हवीच, त्यावर माझा वाद नाही.

५. माझाही उजवा पाय कृत्रिम, त्याच योजनेतला आहे. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचा उजवा पाय मांडीतून गेला. नव्या सांध्यासाठी त्या दोन वर्षे रांगेत आहेत. खाली दुकानात जायचे तर जिना बसून उतरतात. माझा सांधा त्यांना चालेल. मांडीवर बसणारा वरचा भाग धाकटी त्यांच्या मापाने करील.

मी गेल्यावर माझा पाय काढून थोरल्याच्या हाती द्यावा. नववी सही त्याचीच असते. त्याने सांधा स्वतः तपासावा, त्यावर आपले वजन टाकून पाहावे आणि बाईंची गाठ घ्यावी. त्यानंतरही चिरडावासा वाटला तर यंत्रात त्यानेच घालावा, शिपायाला पाठवू नये.

बाईंना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळण्याचा संभव आहे त्याने साक्ष द्यायची नसते. हा एक नियम मला पटतो.

६. थोरल्या, हे तुला कोंडीत पकडायला लिहिलेले नाही. राग मला नियमाचा आहे, तू मला फार प्रिय आहेस. उभा राहायला शिकताना तू याच पायाला धरायचास. खरा पाय शेजारीच होता, पण मी हसलो की तो हलायचा. हा हलत नसे, म्हणून तू याला मिठी मारायचास. वरचा भाग मी पुढे कितीदा बदलला. सांधा तोच आहे.

वरील मजकूर स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ : कारखान्याची मागची खोली
दिनांक : आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस
सही : कारागीर
साक्षीदार : १. दवाखान्यातील डॉक्टर
२. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला