मामाच्या हातची खीर

प्रिय अतुल,

तीन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मधेच कट करता येत नाही.

आधी बातमी. तुझा भाचा ठणठणीत आहे. ओजस आता भिंत धरून चालतो, वरणभाताची वाटी स्वतःच पालथी करतो आणि बाहेर कुठल्याही पिकअपचा हॉर्न वाजला की मामा आला म्हणून दाराकडे रांगत सुटतो. घाटंजीत थंडी पडलीय. सकाळचं ऊन अंगावर घेत आम्ही दोघं ओसरीवर बसतो. निवृत्त मुख्याध्यापिकेला याहून चांगली नोकरी मिळायची नाही.

तरी जिभेची धार गेलेली नाही. परवा शेजारच्या कांताबाई चहा पिता पिता म्हणाल्या, ‘मामाची खीरच बाधली होती ना हो?’ मी त्यांना असं झापलं की चहा अर्धा ठेवून गेल्या. कप विसळताना आठवलं, ही अफवा उठवली कोणी? मीच.

तो सोमवार तुला सांगायला नको, तरी सांगते. माझा लेक राजकुमार राजूरला खाणीत ड्युटीवर होता, घरात मी आणि तुझी बहीण प्रियंका. उष्टावणात तू मामा म्हणून खिरीचा पहिला घास भरवलास, त्याला आठ दिवस झाले होते. सकाळपासून पोर पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं पांढरंफटक पडून राहायचं, की परत तेच. वर ओकाऱ्या. आणि मी, तीस वर्षं आठवीला पचनसंस्था शिकवलेली बाई, काय म्हणाले? बेंबी सरकली, लालीबाईला बोलवा, पोट चोळून देईल. नशीब, तू पांढरकवड्याहून टायर पोचवायला आला होतास. लंगोटात लाल जेलीसारखं काही दिसलं आणि तू ओरडलास, ‘चोळता काय आई, बसा गाडीत!’ माझ्यावर आजवर असं कोणी ओरडलं नव्हतं.

यवतमाळला सोनोग्राफीत कळलं. शर्टाची बाही आत ओढली जावी, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता. डॉक्टरांनी खालून हवा सोडून तो मागे ढकलला. पोट फाडावं लागलं नाही. ‘आणखी उशीर झाला असता तर…’ एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. आणि मी बाहेर येऊन सगळ्यांदेखत तुला म्हणाले, तुझ्याच हातच्या खिरीनं हे झालं. ‘मी का त्याले जहर चारलं, आई?’ एवढंच बोलून तू चावी उचललीस.

गेल्या आठवड्यात ओजसला तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरांना खिरीचं विचारलं. त्यांना हसू आलं. म्हणाले, खिरीचा काही संबंध नाही. नक्की कारण पुष्कळदा सापडतच नाही, पण बऱ्याच बाळांना आधी सर्दी-खोकल्याचा नाहीतर जुलाबाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. त्यानं आतड्यातल्या गाठी सुजतात आणि आतडं सरकताना ती सूज पुढे ओढून नेतं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, ‘घरात कोणाला सर्दी झाली होती का?’ मी ‘नाही’ म्हणाले.

अतुल, मला झाली होती. उष्टावणाच्या दिवशी अंगात ताप होता. गुपचूप गोळी घेतली आणि धुळीची ॲलर्जी म्हणून सांगितलं, कारण नातवाला कोणी मांडीवर देणार नाही ही भीती. दिवसभर त्याचे पापे घेतले. तिसऱ्या दिवशी त्याचं नाक वाहायला लागलं. दुखणं माझ्यामुळेच आलं हे कोणाला सिद्ध करता येणार नाही; तुझ्यामुळे आलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं. माफीला सबब जोडली की कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर पुन्हा पहिल्यापासून माफी मागायला लावत. म्हणून सबब नाही. मी चुकले. काल जेवताना हे सगळं घरात सांगितलं. प्रियंका ताटावरून मान वर न करता म्हणाली, ‘मले नका सांगू, दादाले सांगा.’ तेच करतेय. रविवारी ओजसचं जावळ आहे आणि ते मामाच्या मांडीवरच निघतं. नऊ वाजता फकिरा न्हावी येईल. तू आला नाहीस तर त्याला चहा पाजून परत पाठवीन. पोराचे केस डोळ्यांवर येतात, ते रबर लावून वर बांधीन. खीर मी करते. भरवायची तू.

तुझीच, आणि या वेळी खरंच सर्दी नसलेली,
उज्ज्वलाआई