काळ्या धुराचे खरे कारण

मी, साहेबराव गेणू ओव्हाळ, वय वर्षे सदुसष्ट, धंदा ट्रक चालवणे आणि वेळप्रसंगी तो लोकांकडून ढकलून घेणे, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मुलगा सम्राट तो मागणारच. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करायची हौसही नाही.

कलम १. राहते घर सम्राट व मुलगी करुणा यांना निम्मे-निम्मे. मधे भिंत घालू नये. भांडायला मोकळी जागा लागते.

कलम २. सम्राट सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, म्हणजे यंत्राला हात न लावता त्यातले सगळे त्याला कळते. सकाळी ट्रक सुरू झाला नाही की तो आधी बॅटरी बदलतो, मग इंजिन फिरवणारा सेल्फ-स्टार्टर बदलतो, मग बाप बदलून मिळतो का बघतो. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी, हे त्याला वीस वेळा सांगून झाले. त्याने विनाकारण काढलेले दोन्ही सेल्फ त्यालाच देतो. दोन्ही चालू आहेत.

कलम ३. फिटर सोपानराव यांना माझे सगळे पाने द्यावेत, डिझेल पंप खोलायचे सोडून. ट्रक सुरू होऊन लगेच बंद पडला, तर डिझेलच्या लाइनीत हवा शिरलेली असते. हातपंप मारून ती काढावी, बुडबुडे थांबले की पेच आवळावा, काम संपले. पण सोपानरावांपुढे कोणी नुसते शिंकले तरी ते म्हणतात, "पंप खोलावा लागंल."

कलम ४. १९७८ सालचा ट्रक एकट्या करुणाला द्यावा. सम्राट हरकत घेईल, म्हणून कारण लिहितो.

१९९८ च्या भीमजयंतीला मिरवणुकीत ट्रक करुणा चालवत होती. मीच तिला शिकवले होते. भर बाजारपेठेत ट्रक काळा धूर ओकू लागला, त्याची ओढ गेली आणि तो बंद पडला. मागे अख्खी वस्ती उभी, माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळी. करुणा केबिनमधून म्हणाली, "आबा, गाडीचा दम कोंडलाय. आदी हवेचा फिल्टर बघा." मी फिल्टर बघितला नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, "बाईमाणसाच्या हातात स्टेरिंग दिलं, हीच माझी चूक झाली!" ती खाली उतरली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चालत घरी गेली. ट्रक लोकांनी विहारापर्यंत ढकलत नेला.

सजावट उतरवताना उलगडा झाला. इंजिन जिथून हवा घेते त्या तोंडावर निळे कापड होते, चारपदरी, ताणून बांधलेले. गाठ माझी होती. माल बांधणाऱ्या ड्रायव्हरची गाठ. जयंती कमिटीत ती दुसऱ्या कोणाला येत नाही. कापड सोडले, ट्रक लगेच सुरू झाला. मी कापडाची घडी घातली आणि गप्प बसलो.

करुणा आता दौंडला रेल्वेत नोकरी करते. शिरूरला येते, चहा पिते, ट्रककडे बघत नाही. त्या दिवसापासून तिने स्टेअरिंगला हात लावलेला नाही. विहारात पंचशील म्हणताना चौथे शील, खोटे न बोलण्याचे, आले की गेली सहा वर्षे मला नेमका खोकला येतो. लोक म्हणतात, डिझेलचा धूर बाधला. मला माझी लाज वाटते. फार वाटते.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ बाजारपेठेत, त्याच जागी, माइकवरून वाचावे.

टीप : वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला, तेव्हा बहीण सरूबाई म्हणाली, "दादा, मेल्याव माइक कशाला? आजून त्वांड हाय की तुला."

सबब कलम ५ माझ्या सहीने रद्द. येत्या जयंतीला माइक मी स्वतः धरीन. त्याआधी उद्या सकाळच्या एसटीने दौंडला जात आहे. ट्रक नेणार नाही. तो आता करुणाचा आहे, तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही.

लिहून ठेवणार : साहेबराव गेणू ओव्हाळ (सही)

साक्षीदार :
१. सरूबाई मारुती गायकवाड (अंगठा)
२. ज्ञानू भिका शेलार, निवृत्त पोस्टमन (सही)

ठिकाण : शिरूर
तारीख : १९ डिसेंबर २००४