पुढच्या शिडाचं माप

३ फेब्रुवारी
फाटलंच शेवटी! होडीचं पुढचं शीड, मधोमध, जुन्या चादरीसारखं टरकन. सासूबाई म्हणाल्या, वय झालं होतं त्याचं. सुकाणूवरचा हात हलला नाही. उरलेल्या एका शिडावर कशाबशा धक्क्याला लागलो. नवरा गाडीत पेपर वाचत बसलेला. त्याला होडीचं नाव काढलं तरी मळमळतं, म्हणून तर आईची जोडीदार मी.

५ फेब्रुवारी
हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावून जुनं शीड अंथरलं, तिन्ही बाजू मोजल्या. शीड शिवणाऱ्याला फोनवर मापं सांगितली तर तो हसायलाच लागला. म्हणे, इतकी वर्षं वाऱ्याने ओढलेलं कापड ते, ताणून ताणून मोठं झालंय. शीड नको, होडी मोजा. एवढी साधी गोष्ट, आणि दोघींच्याही डोक्यात आली नाही!

८ फेब्रुवारी
होडी मोजली. टेपचं टोक दोराला बांधून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत चढवायचं आणि खाली नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, आकडा वाचायचा. दोर सासूबाईंकडे, आकडा माझ्याकडे. दोनदा टेप सरसरत खाली आला. दोर निसरडा झालाय म्हणाल्या. मी नंतर हळूच चाचपून बघितला — चांगला खरखरीत होता. म्हणजे दोर नाही, त्यांचं मनगट. त्यांच्याशिवाय रविवारची होडीतली फेरी? छे!

१० फेब्रुवारी
भाव आले. मोठं शीड, डोलकाठीच्याही मागे येणारं — आमच्या फ्रीजच्या किमतीच्या दुप्पट. लहान, काठीच्या पुढेच संपणारं — जवळपास निम्म्यात. मी शिवणाऱ्याचं डोकं खाल्लं. कडेला ही जाड पट्टी कशाला? शीड गुंडाळून ठेवलं की तेवढीच कड उन्हात राहते, म्हणून. कोपऱ्यांना एवढे थर? सगळा ताण तिथेच येतो. तो म्हणाला, ताई, दुकान काढताय का? मग कामाचं बोलला: मोठं शीड कमी वाऱ्यातही पळवतं, पण ते ओढायला हातात जोर हवा.

सासूबाईंना मोठंच हवं. रडतखडत जायला होडी घेतली नाही, म्हणे. मी लहानासाठी हटून बसले. मनगटाचा विषय काढला नाही. पण लहान घेतलं तर त्या अजून चार-पाच वर्षं येतील. मला दुसरं काही नको.

११ फेब्रुवारी
अबोला. जेवताना वाऱ्याचं नावही नाही. नवरा खुशीत.

१२ फेब्रुवारी
सासूबाईंनी स्वतःच फोन लावला. लहान शीड! शिवाय पुढचे सगळे दोर मागे, सुकाणूपाशी आणून द्यायला सांगितलं. हुशार आहेत — आता बसल्या जागेवरून ओढता येईल, मनगटाला त्रास नाही. जिंकले! खुशीत दोनदा चहा केला.

१५ मार्च
नवं शीड चढलं. पांढरंफेक, हात लावला की करकर वाजतं. मी नाळेवर उभी राहून कोपऱ्यांचे थर मोजत होते. मागे वळून बघते तर सासूबाई धक्क्यावरच. होडी बांधलेला दोर खुंटावरून सोडून हातात घेतलेला.

"आई, चला ना."

"मी इथून बघते. सगळं तुझ्या हाताशी आणून घेतलंय. वळताना घाई करू नकोस."

दोर त्यांनी होडीत टाकला. होडी सुटली होती. सुकाणूवर कोणीच नव्हतं. मी जाऊन बसले.