रांगेची दोन टोकं

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा डोकी कापली! नांदेडहून प्रिंट आल्या, त्यात नवरदेवाचा फेटा अर्धा गायब. चूक माझीच. मोबाईलचा फोटो चारास तीन, कागद सहा बाय चार. मापात बसवून पाठवला नाही की लॅबचं मशीन वरून-खालून आपलं आपण छाटतं. सेनगावात दुकान टाकून आठ महिने झाले, एवढं तरी यायला हवं! यापुढे आधी मी कापणार, मग पाठवणार.

१४ नोव्हेंबर

पुसेगावकडच्या तांड्यावरून रूपाबाई आल्या. साठीच्या पुढच्या. मोबाईलची काच तडकलेली. नात सृष्टी, तिच्या लग्नातला फोटो — अकरा जण एका रांगेत. डाव्या टोकाला या, उजव्या टोकाला यांचे मालक, वसराम.

"मधले समदे काढ, बाई. आमी दोघंच ठेव. दोघांचा दुसरा फोटोच न्हाई."

बोलता बोलता पदरानं काच पुसली. नेमकी मालकांच्या चेहऱ्यावरची. मालक गेलेले असणार. काय विचारायचं? नाही विचारलं.

१५ नोव्हेंबर

दुपारभर तेच. डावीकडून माप धरलं तर ते जातात, उजवीकडून धरलं तर या. शेवटी दोघांना वेगळं कापून शेजारी शेजारी जोडलं. सहा बाय चारात फिट्ट! खांद्याला खांदा. चिन्मय म्हणाला, "जोडलंय हे कळतसुद्धा नाही." बायको दुकानदार झाल्यापासून नवऱ्यानं केलेलं पहिलं कौतुक!

१७ नोव्हेंबर

रूपाबाईंना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"काहून, आवडलं न्हाई?" मी विचारलं.

"चांगलं हाय. पण असं आमी कधी उभंच न्हाई राहिलो. ह्ये दुसरंच कुणी वाटून राहिलं."

वाईट वाटलं. रागही आला थोडा. पण चहा घेता घेता त्या खुलल्या. लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं. चारचौघांत मालक कधी शेजारी बसले नाहीत. लाजायचे म्हणे! मी हसले, त्याही हसल्या. मग मला उगाच अपराधी वाटलं.

१८ नोव्हेंबर

सुचलं! माणसं कापायचीच नाहीत. लग्नाच्या अल्बमचं लांब पान असतं — आठ बाय चोवीस. वरचा मांडव आणि खालची सतरंजी छाटली की अख्खी रांग बरोबर बसते. फक्त मूळ फोटो हवा. व्हॉट्सअॅपवरून आलेला एवढा मोठा केला की चेहरे फुटतात. सृष्टीला फोन केला. तिनं पाच मिनिटांत पाठवला.

२४ नोव्हेंबर

आला! अकराच्या अकरा जण. एकाचंही डोकं कापलेलं नाही, एकाचीही चप्पल गेलेली नाही. काउंटरवर पसरून नुसती बघत बसले.

२५ नोव्हेंबर

रूपाबाईंनी एक हात स्वतःवर ठेवला, दुसरा लांब करून मालकांवर.

"दोनी हाताला आले की!"

फोटो नीट गुंडाळून दिला. जाताना माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. दिवसभर कामात चूक झाली नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडते न उघडते तोच दारात एक म्हातारा. पांढरा पटका. चेहरा ओळखीचा — पण कुठला?

"तुमीच का फोटोवाल्या बाई? मी वसराम."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

"घरात फोटो लावला. येणारा-जाणारा इचारतो, तुमी इतके लांब काहून? म्हणून आलो. आमचा दोघांचा काढा. जवळ बसवून." मग रस्त्याकडे तोंड करून, "ये की गं आत!"

पासपोर्ट फोटोच्या पडद्यासमोर एकच स्टूल होतं. धावत जाऊन दुसरं आणलं.