सगळं साडूच्या खात्यावर

३ फेब्रुवारी
आजपासून लढाई. साडूनं वेगळा कारखाना काढला तो काढला, आमच्या भागीतलं खोक्यांचा पुठ्ठा कापायचं मशीनही उचलून नेलं. म्हणे त्यात त्याचे पैसे जास्त होते. चोराच्या उलट्या बोंबा. करारात स्पष्ट आहे : भांडण झालं तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं, आणि हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या वकिलाचा वाजवी खर्च द्यायचा. हे कलम मीच हट्टानं घालून घेतलं होतं. साडू तेव्हा हसला होता. आता हसून दाखव म्हणावं.

बायको म्हणाली, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तिला सांगितलं, हे कोर्ट नाही. लवादाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे.

९ फेब्रुवारी
वकील ठरवले. चांगले महागातले. तासावर पैसे घेतात. आकडा ऐकून घाम फुटला, मग आठवलं की हे सगळं साडू देणार आहे. लगेच बरं वाटलं. मी फक्त निकालापर्यंत त्याच्या वतीनं भरतोय. येताना टॅक्सी केली.
संकल्प : एकही पावती हरवायची नाही.

२१ फेब्रुवारी, दुपारी
वकिलांच्या ऑफिसखाली एसी हॉटेल आहे. एरवी मी टपरीवरचा माणूस. आज साडूच्या पैशानं चहा प्यायलो. गोडी काही वेगळीच. आणखी एक मागवला.

१४ मार्च
पहिली तारीख. लवाद म्हणजे एक रिटायर्ड न्यायाधीशबाई. सारखा चष्मा पुसतात. म्हणाल्या, नात्यातलं आहे, आपसात मिटतंय का बघा. मी अदबीनं मान हलवली. मनात म्हटलं, मिटवायला मी काय वेडा आहे?

साडू बसनं आला होता. वकीलही तसलाच, कोट कोपरावर झिजलेला. बिचारा बसनं पैसे वाचवतोय. माझी टॅक्सी भरायचीय ना.

२ एप्रिल
मशीन नाही म्हणून दोघं कारागीर हातानं पुठ्ठा कापतात. बेकरीवाल्यानं अख्खा लॉट परत आणून टाकला, कोपरे वाकडे म्हणून. विचारलं, चौकोनी काय हवं, केक की खोकं? म्हणाला, दोन्ही. एवढं जुनं गिऱ्हाईक, जाताना वळूनसुद्धा पाहिलं नाही. असू दे. नुकसानभरपाईत धरू.

१९ एप्रिल
साडूचं पत्र. मशीन घेऊन जा, ज्याच्या वकिलाचा खर्च त्यानं बघावा, इथंच संपवू. बायकोनं वाचलं आणि डोळे पुसत बहिणीला फोन लावायला धावली. मी म्हटलं, थांब. मग माझ्या वकिलांचं कोण देणार? टॅक्सीचं? माझंच मशीन मला देऊन वर उपकार!

वकील म्हणाले, घ्या. हे नाकारलंत आणि शेवटी एवढंच मिळालं, तर पुढचा खर्च अंगावर येईल. एवढी फी घेऊन इतके भित्रे! नकार कळवला. बायको बोलत नाही. बोलेल.

६ मे
टेम्पो विकला. वकिलांचे पैसे थकले होते. टेम्पो लागतो माल पोचवायला. मालच नाही, तर टेम्पो कशाला? माझं डोकं अशा वेळी फार छान चालतं.

मशीनची किंमत काढायला एक तज्ज्ञ नेमला. त्याचं म्हणणं, मशीनपेक्षा माझं वकिलांचं बिल मोठं झालंय. मशीन नीट पाहिलं नसावं. त्याचीही पावती घेतली.

२८ मे
मेव्हणीचं ऑपरेशन झालं. बायको बॅग भरून निघाली. म्हटलं, विरुद्ध पक्षाच्या घरी मुक्काम बरा दिसत नाही. म्हणाली, ती माझी बहीण आहे, पक्ष नाही. वकिलांना फोन करून विचारलं, असं चालतं का. चालतं म्हणाले. या फोनचेही पैसे लावले.

तिला जाऊन चार दिवस झाले, तेव्हापासून ब्रेड खातोय. ब्रेडच्या पावत्याही ठेवतोय.

१२ जुलै
जिंकलो! मशीन माझं! कारागिरांना सांगायला कारखान्यात गेलो. एक नव्हताच, मागच्या सोमवारपासून साडूकडे जातो म्हणे. दुसऱ्यानं पगार कधी ते विचारलं. आनंदाच्या वेळी लोक काय विचारतील नेम नाही.
वकिलांचा फोन, शेवटचं पान वाचा. सावकाश वाचू. घाई कसली?

१३ जुलै
वाचलं.
बाई लिहितात, जे आज मिळालं ते एप्रिलमध्येच देऊ केलं होतं. तोवरचा खर्च ज्याचा त्यानं सोसावा. त्यापुढचा सगळा मी द्यायचा. माझ्या वकिलांचा, लवादाचा, आणि साडूच्या त्या झिजलेल्या कोटाचासुद्धा. माझ्याच कलमानं. टॅक्सी आणि ब्रेड वाजवी खर्चात बसत नाहीत. दोन चहांचा वेगळा उल्लेख आहे.
बाईंनी चष्मा बदलायला हवा. वकिलांना विचारलं, वर दाद मागता येईल का? म्हणाले, आधीचं बिल भरा, मग बोलू.

३० जुलै
मशीन विकावं लागलं. चार ठिकाणी विचारलं, बरा भाव एकट्या साडूनंच दिला. त्याच्याकडे ते पक्कं बसवलेलंच होतं. जागचं हललंसुद्धा नाही. त्याचं देणं वजा करून उरलं ते वकिलांना गेलं.

सह्या त्याच्या घरीच झाल्या. साडू एक शब्दही वावगा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आतल्या खोलीत दोघी बहिणी हसत होत्या. बायकोला असं हसताना मी फेब्रुवारीपासून ऐकलं नव्हतं. मेव्हणीनं चहा आणला. साडू म्हणाला, घ्या साडूभाऊ, गार होईल.

साडूच्या पैशानं चहा. अर्धा तसाच ठेवला.
बायकोला म्हटलं, निघायचं? म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.
बसनं आलो. कंडक्टरनं दिलेलं तिकीट खिशात जपून ठेवलं होतं. घरी आल्यावर ते कशाला ठेवलंय ते आठवेना.