डबीच्या कडेला लाख लावू नये याबद्दल

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
ज्या ठाण्याच्या व्हरांड्यात बसून हे लिहितोय तेच ठाणे,
बेंगळुरू.

दिनांक: २१ ऑगस्ट २०२५

विषय: जप्त केलेल्या नाण्याच्या डबीच्या कडेला गरम लाख लावू नये, आणि त्याआधी डबीचा खालचा डावा कोपरा एकदा बघावा, याबद्दल.

संदर्भ: “तोंड बंद कर आणि काय ते लिहून दे,” असं आपण मघाशी म्हणालात ते.

महोदय,

“डबी बंद, नंबर बरोबर, चावी तुझ्या बहिणीकडं. मग नाणं काय पायानं चालत गेलं काय रे?” असं आपण मला विचारलंत. मी उत्तर देणार तेवढ्यात दुकानाचे मालक उल्हास सर मध्येच बोलले, “गलाईवाल्याच्या घरची पोरगी आहे साहेब. वितळवणं, चिकटवणं यांना शिकवावं लागत नाही.” तेव्हा मी त्यांची कॉलर धरली. ते चुकलं असं लिही, नाहीतर साहेब पुढचं वाचणार नाहीत, असं आपले हवालदार परसू अण्णा सांगताहेत. म्हणून लिहितो, चुकलं. कागद आणि पेन त्यांनीच दिलंय. आपण निपाणीकडचे, मराठी वाचता, म्हणून मराठीत लिहितोय. माझी शाळा गावाकडं विट्याला नववीपर्यंत झाली आणि मी सोडली. कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.

१. मी अभिराज उमाजी साळुंखे, वय सतरा, राहणार नगरथपेट. वडील सोनं-चांदी गाळून देतात, मी त्यांच्याच भट्टीवर असतो. माझी थोरली बहीण रक्षिता, म्हणजे अक्का, जिला सकाळपासून आत बसवलंय, ती उल्हास सरांच्या इंदिरानगरच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात काउंटरवर आहे. आहे का होती, ते आता आपल्या हातात.

२. नाणं म्हणजे १९३९ सालचा चांदीचा रुपया. तो सहसा मिळत नाही म्हणून महाग. असली नाणी तपासणाऱ्या कंपनीकडं पाठवतात. कंपनी खरं-खोटं बघते, किती झिजलंय ते बघते, नंबर देते आणि नाणं चपट्या पारदर्शक डबीत कायमचं बंद करते. डबीच्या दोन पाकळ्या मशीनवर अशा जोडतात की फोडल्याशिवाय उघडत नाहीत, आत पाणीसुद्धा शिरत नाही. त्यामुळं लोक नाणं बघत नाहीत, डबी बघतात. हे मला अक्कानंच शिकवलं. मी भट्टीवरचा, मला यातलं काय कळणार. पण डोळे चांगले आहेत.

३. ही डबी शंतनु म्हणून सरांचे ओळखीचे पुण्याचे आहेत, महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअर कंपनीत, त्यांनी घरी बघायला नेली होती. वरमहालक्ष्मीच्या पूजेच्या आदल्या संध्याकाळी परत आणून दिली. अक्कानं नंबर जुळवला, सही केली, सरांनी तिच्या हातातून घेऊन लगेच कपाटात टाकली. नाण्याकडं दोघांनीही धड बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी दुकानात पूजा झाली. सरांच्या मिसेस अंजली मॅडम, त्यांनी सगळ्या डब्या ताटात मांडल्या, प्रत्येकीला ओल्या हळदीचं बोट लावलं, पळीनं पाणी घातलं. अक्का म्हणत होती, मॅडम, डब्यांवर पाणी नको. मॅडम म्हणाल्या, “अगं, लक्ष्मीच आहे ना ती, तिला आंघोळ नको?” पूजा झाल्यावर सर पुण्याला गेले आणि कपाटाची चावी पहिल्यांदाच अक्काकडं आली. परवा सर परत आले, कंपनीच्या साइटवरचा फोटो लावून बघितला तर नाणं वेगळं. फोटोत राजाच्या कानामागं ओरखडा आहे, यात नाही. सालातला शेवटचा नऊ आठाचा कोरून केलाय. सर म्हणतात, मी नव्हतो तेव्हा हिनंच डबी उघडून बदललं.

४. डबी उघडली गेलीय हे मलाही मान्य आहे. काल मी अक्काला आणायला गेलो तेव्हा सर तिच्या तोंडासमोर ती डबी नाचवत होते, तेव्हा ट्यूबच्या उजेडात बघितली. तीन कडा दुधासारख्या पांढुरक्या आहेत, सारख्या. डावी कड मात्र काचेसारखी चकाकते आणि तिथं नखाएवढा बुडबुडा आहे, म्हणजे तिथं नंतर गोंद घातलाय. आतला कागदही स्वल्प तिरका बसलाय. भांडण उघडली का याचं नाही साहेब, कधी उघडली याचं आहे. आणि ते त्या कोपऱ्यात दिसतंय. खालच्या डाव्या कोपऱ्यातून केसासारखी पिवळी रेघ आत गेलीय, आतल्या कागदाची कड पण पिवळी झालीय. ती हळद आहे. आज परसू अण्णांनी डबी रुमालानं पुसली, वरची हळद गेली, ही गेली नाही, कारण ती आत आहे.

कंपनीनं बंद केलेल्या डबीत पळीभर पाणी जात नाही. पूजेच्या दिवशी गेलं, म्हणजे त्या दिवशी ती आधीच कुणीतरी उघडून चिकटवलेली होती. आणि चावी अक्काकडं त्यानंतर आली. माझं एवढंच म्हणणं आहे. हे मी सकाळी बोललो, पण मला नीट सांगता येत नाही, आवाज चढतो.

शंतनु सरांनीच केलं असं मी म्हणत नाही. त्यांना कुणी आधीच तशी दिली असेल, मला माहीत नाही. पण त्यांना आपण फोनवर “सॉरी सर, डिस्टर्ब केलं” म्हणालात आणि अक्काला “ए, उभी राहा” म्हणालात, ते मी दारातून ऐकलं.

हळदीचं सांगितल्यावर सर म्हणाले, “हिच्या डब्यातल्या भाजीची असेल.” अंजली मॅडमना मी सगळ्यांसमोर विचारलं. त्या म्हणाल्या, हो, लावली होती मी. मग सरांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे, सगळ्यांना लावली की नाही, आता नक्की आठवत नाही बाई.” आपण म्हणालात, हळद पुरावा होत नाही. पूजेचे फोटो अक्काच्या फोनमध्ये आहेत, ताटात ही डबी पहिल्या ओळीत आहे. फोन आपल्या टेबलाच्या खणात आहे. म्हणून या अर्जासोबत मी काही जोडू शकत नाही.

आता मुख्य. परसू अण्णा डबीच्या चारी कडांवर लाख ओतून शिक्का मारणार आहेत. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, “आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही बघ.” माणूस वाईट नाही, सकाळपासून मला दोनदा चहा पाजलाय. पण साहेब, वितळलेली लाख प्लास्टिकवर पडली की कड मऊ पडते, वाकडी होते. गोंद वितळेल, बुडबुडा जाईल, हळदीची रेघ काळी पडेल. मग पुढं कोर्टानं कुठलाही जाणकार बोलावला तर तो म्हणेल, कडा भाजल्यात, काही सांगता येत नाही. मी हे परसू अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, सरी, बरोबर आहे, पण मुद्देमालाला सील लागतं, रूल आहे. मी म्हटलं कापडात बांधा, गाठीवर लावा. म्हणाले, साहेबांना विचार. साहेबांना विचारायला आलो तर आपण लिहून दे म्हणालात.

वडिलांना सकाळी फोन केला. ते येत नाहीत. म्हणाले, “मी तिथं आलो की बाजाराला कळेल.” लोक आमच्याकडं सोनं मोजून देतात आणि पाठ करून बसतात साहेब, गाळताना बघत नाहीत. एकदा पोरीचं नाव चोरीत लिहिलं की पाठ करून कुणी बसणार नाही. आणि अक्काला या लायनीत दुसरं काउंटर मिळणार नाही. तिला हेच काम येतं. आवडतं पण.

तरी विनंती की,
(क) लाख डबीवर नको, कापडाच्या गाठीवर लावावी.
(ख) त्याआधी खालच्या डाव्या कोपऱ्याचा फोटो घ्यावा, बॅटरी बाजूनं धरून. समोरून धरली तर दिसत नाही.
(ग) अंजली मॅडमना सर नसताना विचारावं.
(घ) तोपर्यंत अक्काचं नाव लिहू नये. निदान तिला बसायला सांगावं.

आपण जेवायला गेलात असं आत्ता बाहेरचे शिपाई म्हणाले. कधी येणार ते त्यांना माहीत नाही. मी कागद टेबलावर ठेवू का विचारलं तर म्हणाले, ठेव, साहेब उद्या बघतील. उद्या बघून काय उपयोग, तोवर—

परसू अण्णांनी मेणबत्ती लावलीय, लाखेचा वास इथपर्यंत येतोय. मला आता आत जावं लागतंय.

अभिराज उमाजी साळुंखे
(रक्षिताचा भाऊ)