एकवीस दिवसांत ‘मी’ बेपत्ता

१ मार्च, पहाटे ५.४०
आजपासून आत्मविचार. मोबाइलवर एकवीस दिवसांचा कोर्स घेतलाय, शेवटी सर्टिफिकेटही आहे. पद्धत सोपी. कुठलाही विचार आला की विचारायचं, हा कोणाला आला? उत्तर येतं, मला. मग विचारायचं, मी कोण? तिथे म्हणे सगळं शांत होतं आणि आपण मूळ स्वरूपात विसावतो. बस डेपोच्या वेळापत्रक विभागात सोळा वर्षं काढलेल्या माणसाला हे कठीण नाही. शिवाय माझा अहंकार मुळातच फार कमी आहे. आख्ख्या विभागात इतका कमी कोणाचाच नसेल.

२ मार्च
स्वरूपात विसावलो. पन्नास मिनिटं. बायकोच्या मते घोरत होतो.

४ मार्च
आजपासून ‘मी’ हा शब्द बंद. बोलण्यात आणि या वहीतही. मराठीत सोय आहे, क्रियापदावर भागतं. कोर्सच्या फॉर्मवरचं नावही खोडलं, तिथे ‘कोणीच नाही’ असं टाकलं.
बायकोने गॅसवरच्या दुधाकडे बघायला सांगितलं होतं. बघितलं. साक्षीभावाने. उतू गेलं तेही शेवटपर्यंत बघितलं. ती भडकली. शांतपणे विचारलं, राग कोणाला आला? मला, असं ती ओरडली. तो ‘मी’ कोण, असं पुढे विचारलं. तिने जे सांगितलं ते कोर्समध्ये नाही.

७ मार्च
विभागप्रमुख निवृत्त होतायत. ती जागा कोणाला, हे नव्या वेळापत्रकावर ठरणार. बावन्न गाड्या, एकशे अठरा चालक, प्रत्येकाची जेवणाची सुट्टी. तीन महिने मान मोडून इथल्याच टेबलावर तयार झालंय ते. शेजारच्या पेन्सिलवाल्याने त्यावर फक्त रेघा मारल्या. (कानावर कायम पेन्सिल. तिने काही लिहिलेलं कोणी पाहिलेलं नाही.)
खुर्चीची इच्छा अजिबात नाही. ती फिरती आहे आणि खिडकीशी आहे, एवढी फक्त नोंद घेतली. दोनदा बसूनही पाहिलं. तेही साक्षीभावाने.

११ मार्च
वेळापत्रक लागू. सकाळी आठ वीसला चौदा नंबरच्या दोन गाड्या एकाच थांब्यावर, आणि मग तासभर एकही नाही. डेपो मॅनेजर लालबुंद होऊन आले. हे कोणी केलं?
आत्मविचार नेमका इथे कामी आला. सांगितलं, साहेब, खोलात गेलं तर कर्ता कोणीच नसतो, सगळं आपोआप घडतं. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा कोर्सचं नाव.
दुपारी पेन्सिलवाल्याने एका गाडीच्या आठ वीसचं आठ पन्नास केलं. म्हणजे पेन्सिल चालते.

१२ मार्च
बायको म्हणाली, चूक झाली तर झाली म्हणून मोकळं व्हायचं, त्यात काय एवढं? तिची पातळी अजून व्यवहाराची आहे. तिच्याबद्दल करुणा वाटली. जेवण गार मिळालं.

१९ मार्च, दुपार
मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. प्रवाशांच्या तक्रारी निम्म्यावर आल्यात म्हणे. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, हे वेळापत्रक कोणी केलं?
हात वर करायचा नव्हता. कोणीतरी आपणहून नाव घेईल, मग मान खाली घालून हसायचं, असं ठरलं होतं. चार सेकंद गेले. पेन्सिलवाल्याने हात वर केला.
आणि या देहातून आवाज निघाला: मी! मी केलं! मी! मी! पंधरा दिवस साठलेले सगळे एकदम बाहेर.
मॅनेजरनी डायरी उघडली आणि वाचून दाखवलं. अकरा तारीख. कर्ता कोणीच नसतो. सगळे हसले. खुर्ची पेन्सिलवाल्याला.

१९ मार्च, संध्याकाळ
घराची किल्ली ऑफिसच्या टेबलावरच राहिली. बेल वाजवली. बायकोने आतून विचारलं, कोण?
म्हटलं, मी.
ती म्हणाली, मी कोण?
एकोणीस दिवस पहाटे उठून हेच विचारत होतो. बंद दारासमोर उत्तर आलं. आठ वीसची चूक केलेला मी. बाकीचं सगळं वेळापत्रकही केलेला, पण वेळेवर हात वर न केलेला मी. हे मोठ्याने म्हणालो आणि रडायला आलं. तिने दार उघडलं. हातातली पिशवी घेतली.

२१ मार्च
सर्टिफिकेट आलं. हा कोर्स ‘कोणीच नाही’ यांनी यशस्वीपणे पूर्ण केला आहे, असं छापलंय.
नव्या विभागप्रमुखांनी पुढच्या वेळापत्रकाच्या रेघा मारायला दिल्या. पेन्सिलही त्यांनीच दिली. रेघा एकदम सरळ आल्यात. मी मारल्या.